खांदे वर का जातात: ज्यू बायका, शरीर आणि थेरपी

गेले काही महिने मी एकाच विषयावर जे हाताला लागेल ते वाचतेय, ज्यू बायकांसाठी शरीराच्या वाटेने केली जाणारी सायकोथेरपी. वडोदऱ्यात दांडिया बाजारजवळ फिजिओथेरपी करणाऱ्या मराठी बाईला हे कुठून सुचलं असं घरचे पण विचारतात. तर त्याला कारण प्रतापनगरच्या मावशी. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, वडील रेल्वेत होते म्हणून कुटुंब इथे आलं आणि इथलंच होऊन गेलं. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ, कारण आमच्या बोलण्यात गुजराती किती घुसलंय ते आम्हाला आता कळत पण नाही. घरात नव्याचा सण (ज्यू नवीन वर्ष), दारफाळणीचा सण (योम किप्पूरचा उपास), शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा दिवा, काही चांगलं घडलं की एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे-नारळाचा मलिदा. मोठ्या सणाला अहमदाबादला खमासाच्या मागेन अब्राहम सिनेगॉगला (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) जातात, १९३४ मध्ये बांधलेलं, गुजरातमधलं एकुलतं एक.

त्यांची मोठी बहीण साठच्या दशकात लग्न करून इस्राएलला गेली, दिमोनाला, नेगेवच्या वाळवंटात. तिची मुलगी आता अश्दोदला असते आणि ती बायकांच्या एका ग्रुपमध्ये जाते जिथे थेरपिस्ट बोलण्यापेक्षा शरीराकडे जास्त बघते. ती हिवाळ्यात मावशींकडे राहायला आली होती आणि मी फिजिओ म्हटल्यावर आमच्या गप्पा रोज रात्री अकरापर्यंत चालायच्या. तिची मराठी आईकडून आलेली, मध्येच हिब्रू, पण सगळं समजतं.

आता मुळात ही थेरपी काय. आपण साधारण समजतो की मनाचं दुखणं म्हणजे समोर बसून बोलायचं. शरीरवाले म्हणतात बोला की, पण बोलताना तुमचा जबडा काय करतोय, श्वास कुठे अडकतोय, पाय जमिनीला टेकलेत का नुसतेच लोंबकळतायत, ते पण बघू. विल्हेल्म राइश, ज्यू घरात जन्मलेला, मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडचा शिष्य, त्याने मांडलं की दाबून ठेवलेल्या भावना स्नायूंमध्ये आखडून बसतात, त्याला तो स्नायूंचं चिलखत म्हणायचा. पुढे त्याने ऑर्गोन नावाच्या ऊर्जेबद्दल जे दावे केले ते विज्ञानात टिकले नाहीत, पण चिलखताची गोष्ट टिकली आणि त्याचा शिष्य अलेक्झांडर लोवेन याने न्यूयॉर्कमध्ये त्यातून बायोएनर्जेटिक्स ही शरीरातून चालणारी थेरपी उभी केली. व्हिएन्नात जन्मलेला आणि नाझींमुळे लहानपणीच तिथून निघावं लागलेला युजीन जेंडलिन, त्याचं फोकसिंग, म्हणजे शरीरात आत काय जाणवतंय त्याकडे लक्ष देणं. आमच्या फिजिओच्या जगात मोशे फेल्डनक्राइसचं नाव सगळ्यांना माहीत असतं, ते थेरपी म्हणून नाही तर हालचालीचं शिक्षण म्हणून, पण तो पण ज्यू, गुडघा दुखावला म्हणून स्वतःवर प्रयोग करत सुरुवात केलेला. म्हणजे ह्या विषयाच्या पायातच ज्यू माणसं आहेत. आणि बायका आहेत, त्यांची नावं मात्र कमी घेतली जातात, ते मला खटकतं.

शार्लोट सेल्व्हर घ्या. बर्लिनला एल्सा गिंडलर नावाची बाई होती, ती स्वतः ज्यू नव्हती, तिच्या फुप्फुसाला टीबी झाला तेव्हा श्वासाकडे बारीक लक्ष देत देत तिने स्वतःला सावरलं आणि मग तेच लोकांना शिकवायला लागली, व्यायाम म्हणून नाही, आपण उभे कसे राहतो बसतो कसे हे जाणवून घ्यायला. नाझींच्या काळात पण ती ज्यू लोकांना मदत करत राहिली, १९४५ मध्ये तिचा स्टुडिओ लढाईत नष्ट झाला आणि कामाचे कागद त्यातच गेले. सेल्व्हर तिची ज्यू विद्यार्थिनी, १९३८ मध्ये अमेरिकेला निघून गेली आणि तिथे ते काम पसरवलं, २००३ पर्यंत जगली, शंभरी ओलांडून. गेस्टाल्ट थेरपीत, म्हणजे आत्ता ह्या क्षणी काय जाणवतंय त्यावर काम करणाऱ्या थेरपीत, फ्रिट्झ पर्ल्सचं नाव सगळीकडे असतं, पण त्यात शरीर आणि हालचाल आणण्यात लॉरा पर्ल्सचा मोठा वाटा, ती नाच आणि संगीत शिकलेली. ज्युडिथ केस्टेनबर्ग क्राकोजवळची, तिने लहान मुलांच्या हालचाली टिपायची अख्खी पद्धत बसवली आणि नंतर होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, लहानपणी वाचलेल्या लोकांसोबत काम केलं.

पण सगळ्यात जास्त मी थांबले ती बर्था पापेनहाइमवर. सायकॉलॉजी शिकलेल्यांना ती आना ओ. म्हणून माहीत असते. व्हिएन्नातल्या सनातनी ज्यू घरातली हुशार मुलगी, भावाला शिकायला मिळालं, हिला भरतकाम. १८८० मध्ये वडील आजारी पडले, ही रात्र रात्र उशाशी बसायची, आणि मग हिचा उजवा हात लुळा पडला, मातृभाषा जर्मन बोलता येईना, इंग्लिशच तोंडातून यायचं, तहान लागली तरी ग्लास ओठांना लावता येईना. डॉक्टर ब्रॉयरसमोर ती बोलायची आणि त्या बोलण्यालाच तिने टॉकिंग क्युअर, म्हणजे बोलून उपचार, हे नाव दिलं. ब्रॉयर आणि फ्रॉइडने १८९५ च्या पुस्तकात ती केस छापली आणि बोलून बरं करायच्या शास्त्राची सुरुवात तिथून धरतात. मला मात्र वाटतं की तिचं बोलणं ऐकलं गेलं आणि तिचा हात, तिचा घसा, तिची तहान ही लक्षणं म्हणून वहीत गेली. पुस्तकात लिहिलं तशी ती लगेच बरी झालीच नव्हती, नंतर सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. आणि तीच बाई पुढे फ्रँकफर्टला जाऊन १९०४ मध्ये जर्मनीतल्या ज्यू बायकांची संघटना काढते, मुली विकल्या जातात त्याविरुद्ध लढते, १९०७ मध्ये नॉय-इझेनबुर्गला निराधार मुली आणि लग्नाशिवाय आई झालेल्यांसाठी घर उघडते. ज्यू बाईच्या शरीरावर कोणाचा हक्क, हा प्रश्न तिने पलंगावरून उठून रस्त्यावर नेला.

आता भाचीची गोष्ट. पहिल्याच दिवशी थेरपिस्टने तिला चपला काढून उभं राहायला सांगितलं, वजन टाचेवर आहे का बोटांवर ते बघ, घाई नाही. बराच वेळ एवढंच. मग म्हणाली आता तुझं पूर्ण नाव सांग, नवीन ऑफिसमध्ये सांगशील तसं. हिने सांगितलं. नाव झालं आणि आडनावाशी आली, कोकणातल्या गावावरून पडलेलं, शेवटी कर असलेलं, तिथे हनुवटी आत गेली, उजवा खांदा कानाकडे चढला आणि श्वास वरच थांबला. तिला स्वतःला कळलं पण नव्हतं. थेरपिस्ट म्हणाली परत सांग पण हळू, खांदा वर जायच्या आधी कुठे काय होतंय ते पकड. मावशींच्या हॉलमध्ये उभी राहून तिने मला हे करून दाखवलं आणि मी अगदी जवळून पाहिलं, अप्पर ट्रॅपिझियस, मान आणि खांद्याच्या मधला स्नायू, असा टणक झाला की बोटाने दाबला असता तर दगड लागला असता, मानेच्या पुढचे स्नायू ताणले गेले, आणि हे सगळं फक्त एक आडनाव उच्चारताना. मावशी मागून म्हणाल्या, “अगं, ताई पण अशीच मान आत घ्यायची, तिकडे गेल्यापासून. इथे असताना नव्हती घेत.”

हे का, तर त्यामागे इतिहास आहे. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींकडून, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडून, असे निर्देश निघाले की बेने इस्राएल माणसाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर त्याच्या आई-आजीपर्यंतची चौकशी करायची, हे खरे ज्यू का म्हणून. कोकणात पिढ्यान् पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवून शनवार तेली म्हणवले गेलेले लोक हे, आणि त्यांना हे विचारायचं! १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, सरकारने त्यांच्या बाजूने भूमिका घेतली आणि रब्बींना ते शब्द बदलावे लागले. ताई त्याच वर्षांत तरुण होत्या, नवीन सून, नवीन देश, आडनाव सांगितलं की समोरचा बघायचा.

ग्रुपमध्ये पोलंडच्या आजीची नात होती, मोरोक्कोहून आलेल्या घरातली होती, इराकी होती. थेरपिस्टने सुरुवातीला होलोकॉस्टच्या पिढीजात भीतीबद्दल बोलायला घेतलं तेव्हा भाची म्हणाली आमच्याकडे ते नाही हो, भारतात आम्हाला ज्यू म्हणून कोणी त्रास दिला नाही, आमचं दुखणं इथे येऊन सुरू झालं. थेरपिस्टने ते ऐकून घेतलं आणि तिथून पुढे त्यावरच काम केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्यू बायकांची थेरपी म्हटलं की सगळ्यांच्या अंगात एकच इतिहास आहे असं धरून चालणारे बरेच आहेत. होलोकॉस्टमधून वाचलेले ३२ जण आणि त्यांची २२ मुलं यांच्या रक्तात एका ताणाशी संबंधित जीनवर खुणा सापडल्या असा रेचल येहुदा यांचा अभ्यास खूप गाजला, पण तो लहान अभ्यास आहे, त्यावरून आजीची भीती नातीच्या पेशीत उतरते असं ठामपणे सांगणं म्हणजे घाई आहे. आई खांदे आवळून बसते, मुलगी रोज ते बघते, एवढं तरी पुरेसं आहे की.

हात लावण्याचा प्रश्न वेगळाच. सनातनी ज्यू बायका परक्या पुरुषाला हात लावत नाहीत, लावू देत नाहीत, म्हणून थेरपिस्ट बाईच लागते. पाळी संपल्यावर सात दिवस मोजून मिकव्यात (धार्मिक स्नानाच्या कुंडात) डुबकी घेतात, अंगावर कपडा, अंगठी, नेलपॉलिश काही नाही, पाण्याच्या आणि कातडीच्या मध्ये काहीच नको, आणि बघायला एक बाई उभी असते. कोणाला त्यात महिन्यातली सगळ्यात शांत वेळ मिळते, कोणाला, विशेषतः जिच्यावर लहानपणी अत्याचार झालाय तिला, ते बघितलं जाणं सहनच होत नाही. थेरपिस्टला हे माहीत नसेल तर “शरीराशी मैत्री करा” वगैरे म्हणून उपयोग शून्य. भाचीच्या ग्रुपमध्ये कोणी कोणाला हात लावतच नाही, स्वतःचा तळवा स्वतःच्या छातीवर, स्वतःची पाठ भिंतीला. रॉकेट हल्ल्यांच्या सायरनच्या दिवसांत पण तिला तेच कामाला आलं म्हणे, शेल्टरमध्ये भिंतीला पाठ लावून पाय दाबून बसायची, शेजारणीच्या पोरांना पण बसवायची.

उपयोग होतो का, हे मी पण विचारते कारण आमच्या धंद्यात पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. इस्राएलमध्येच २०१७ मध्ये सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग ह्या, शरीरातल्या जाणिवांवरून ट्रॉमावर म्हणजे मनावरच्या आघातावर काम करणाऱ्या, पद्धतीवर ६३ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आठवड्याला एक अशी १५ सेशन, आणि थांबवून ठेवलेल्या गटापेक्षा ट्रॉमाची लक्षणं चांगली कमी झाली. तुलना वेटिंग लिस्टशी होती, दुसऱ्या थेरपीशी नाही, हे लक्षात ठेवावं लागतं. आशा वाटावी इतकं आहे, जयजयकार करावा इतकं नाही.

आमच्याकडे बघा, माझ्याकडे मान-खांदे दुखतात म्हणून येणाऱ्या बायका, मराठी, गुजराती, मुस्लिम, एक्स-रे स्वच्छ, शेक झाला, मशीन झालं, चार दिवस बरं आणि परत तेच. नवरात्रात त्याच बायका रात्री बारापर्यंत गरब्यात फिरतात आणि खांदा दुखत नाही म्हणतात! मी सायकोथेरपिस्ट नाही आणि होणार पण नाही, ते वेगळं शिक्षण आहे, माझ्या टेबलावर कोणी रडायला लागलं तर मी ऐकते आणि नीट माणसाचा नंबर देते. तुम्ही इथे अशा थेरपीसाठी कोणाकडे जाणार असाल तर आधी विचारा की सायकॉलॉजीचं शिक्षण कुठे झालं, हात लावणार का, नको म्हटलं तर चालेल का. उत्तर देताना समोरचा वैतागला तर उठा.

मी एक केलंय, केस पेपरवर वयाच्या खाली दोन ओळी वाढवल्यात, हात लावलेला कुठे चालेल आणि कुठे नको. वाटलं होतं सगळ्या रिकाम्या सोडतील. पण लिहितात, काही जणी तर कागद उलटा करून मागच्या बाजूला पण लिहितात.