तुम्ही विचारलंत म्हणून: ड्राय बाल्कनीत ऑफिस होईल का?

ड्राय बाल्कनी म्हणजे स्वयंपाकघरालगतची, कपडे धुण्या-वाळवण्याची छोटी बाल्कनी. मी लोकांची घरं आतून आखून देते, आणि २०२० पासून मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. फोनवर, लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये. "मॅडम, आमच्या ड्राय बाल्कनीला काचा लावून तिथे ऑफिस करता येईल का? वॉशिंग मशीन आत कुठेतरी सरकवू."

त्या 'कुठेतरी'पाशी माझा जीव अडकतो. टेबल कुठेतरी सरकतं. मशीनला मात्र नळ लागतो, नहाणी (फरशीतलं सांडपाण्याचं जाळीचं तोंड) लागते, उतार लागतो आणि खाली वॉटरप्रूफिंग केलेली फरशी लागते. बिल्डरने या चारही गोष्टी घरात फार थोड्या जागी दिलेल्या असतात. त्यातली एक ड्राय बाल्कनी.

नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "पण मॅडम, तुम्हीच तर एका फ्लॅटमध्ये केलं होतं. आम्ही फोटो पाहिलेत." हो, केलं होतं. फोटो सुंदर आहेत आणि अजून फिरतात. फोटोनंतर त्या घरात काय झालं ते मात्र फिरत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

मोह का होतो ते आधी कबूल करते. पुण्यातल्या नेहमीच्या टू बीएचकेतली ड्राय बाल्कनी साडेतीन फूट बाय साडेसहा फूट धरा. म्हणजे १०७ सेंमी बाय १९८ सेंमी. आडवं ६० सेंमी खोल टेबल टाकलं, मागे खुर्ची सरकायला ९० सेंमी सोडले, तरी ४८ सेंमी उरतात. दार लावता येतं, खिडकी आहे, स्वयंपाकघराचा चहा हाताशी. कागदावर हे ऑफिस बसतं. त्या फ्लॅटमध्येही कागदावर नीट बसलं होतं.

तिथे मशीन पॅसेजमध्ये, हात धुवायच्या बेसिनखाली घेतलं. ओट्यासारखा कडप्पा टाकला, वर बेसिन बसवलं आणि खाली आठ किलोचं फ्रंट लोड मशीन: ६० सेंमी रुंद, ८५ सेंमी उंच. पाण्याला बेसिनच्याच कॉकमधून फाटा काढला. सांडपाण्याचा प्रश्न आला तेव्हा प्लंबर म्हणाला, "ताई, बेसिनची लाइन बारीक आहे. बाथरूमची भिंत फोडून थेट नहाणीत सोडू या." त्यासाठी बाथरूमच्या टाइल्सची एक रांग आणि उंबरठा फुटणार होता, आणि त्या टाइल्स बाजारात मिळत नव्हत्या. मी नको म्हटलं. मशीनचा पाइप बेसिनच्या ३२ मिमीच्या वेस्ट पाइपला जोडायला लावला.

आता हिशेब बघा. बेसिनचा नळ चालू ठेवला तर मिनिटाला सहा-आठ लिटर पाणी येतं आणि ते उताराने आपोआप जातं. मशीनचा पंप मिनिटाला पंधरा-वीस लिटर पाणी जोराने बाहेर फेकतो, तेही साबणाच्या फेसासकट. शिवाय त्यात टॉवेलची लव, केस, चिंध्या. ती लाइन नहाणीपर्यंत बारा फूट आडवी जात होती. उतार १०० ला १, म्हणजे बारा फुटांत जेमतेम पावणेचार सेंमी, तोही कागदावर. प्रत्यक्षात मधल्या एका एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडापाशी, पाइप सपाट होता. पाण्याला वाट मिळाली नाही की ते सगळ्यांत जवळच्या उघड्या तोंडातून वर येतं. इथे ते तोंड म्हणजे बेसिनची जाळी.

दुसऱ्या आठवड्यात बेसिनमध्ये फेस दिसायला लागला. घरच्यांना वाटलं पावडर जास्त पडतेय, त्यांनी पावडर कमी केली. पाचव्या आठवड्यात बेडरूमच्या दारापाशी लॅमिनेटच्या फळ्यांच्या कडा फुगल्या. बोट फिरवलं की कळायचं, दोन फळ्यांमध्ये बारीक वरंबा झाला होता. त्याच रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या पॅसेजच्या छताला ताटाएवढा पिवळा डाग पडला होता. ड्राय बाल्कनीची फरशी घरापेक्षा इंच-दोन इंच खाली असते आणि तिच्याखाली वॉटरप्रूफिंग असतं, म्हणून तिथे सांडलेलं पाणी तिथेच राहतं आणि नहाणीत जातं. पॅसेजखाली असलं काही नसतं. तिथे सांडलेलं पाणी सांध्यांतून थेट स्लॅबमध्ये उतरतं.

हे झालं मशीनचं. दुसरं दुखणं ऑफिसचं होतं, आणि ते मला आजही जास्त बोचतं. त्या खोलीत वास यायचा. सकाळी दार उघडलं की गटाराचा भपकारा. फिनेल झालं, उदबत्ती झाली, पेस्ट कंट्रोल झालं. ड्राय बाल्कनीच्या फरशीला उतार असतो, चाकाची खुर्ची त्यावर आपोआप नहाणीकडे सरकते, म्हणून आम्ही वर डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) पट्ट्यांचं सपाट डेक टाकलं होतं. नहाणी त्या डेकखाली गेली होती. चार पट्ट्या उचलून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर नहाणी ठणठणीत कोरडी. तळाला वाळलेल्या साबणाची पांढरी साय आणि कडेला झुरळाचे पाय.

नहाणीच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भागात, साधारण ५० मिमी पाणी साठून राहतं, तेच खालच्या पाइपातली हवा अडवतं. रोज मशीनचं पाणी जायचं, फरशी धुतली जायची, तोवर ते पाणी भरलेलं होतं. मशीन हललं, डेक पडलं, वरून पाणी जायचं बंद झालं आणि काही आठवड्यांत ते उडून गेलं. मग इमारतीची सगळी सांडपाण्याची लाइन त्या ऑफिसमध्ये उघडी पडली. तिथे एक माणूस दार लावून रोज नऊ तास बसत होता.

मशीन परत बाल्कनीत गेलं. टेबल बेडरूममध्ये आलं. फरशीचा आणि काकूंच्या छताचा खर्च मी उचलला, कारण प्लंबरने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

तेव्हा मी म्हणायचे की मशीन दिवसातून तासभर चालतं आणि माणूस नऊ तास बसतो, मग चांगली जागा माणसाला का देऊ नये? हा मुद्दा मला अजूनही पूर्ण खोडता येत नाही. पण त्या तासाभराच्या आधी कपडे वेगळे करणं असतं, कॉलर घासणं असतं, नंतर झटकणं, वाळत घालणं, आलेला पाऊस पाहून पुन्हा आत घेणं असतं. नऊ तास बसणाऱ्याच्या हिशेबात हे सगळं उभ्याने करणारी बाई मी धरलीच नव्हती. तिला मी पॅसेजमध्ये, येण्याजाण्याच्या वाटेत, वाकून काम करायला लावलं होतं.

म्हणून आता ती जागा कपड्यांसाठीच नीट करून देते. मशीन लांबीच्या टोकाला, तोंड लांबीकडे करून. रुंदीकडे तोंड केलं तर मशीनची खोली ५५ आणि मागचे पाइप ८ मिळून ६३ सेंमी जातात, समोर ४४ उरतात, आणि दार उघडलं की माणसाला उभं राहता येत नाही. सांडपाण्याचा पाइप जमिनीपासून ६० ते १०० सेंमी उंचीवर उभ्या पाइपात सोडायचा, तोंड सैल ठेवायचं, चिकटपट्टीने बंद करायचं नाही. पाइप नुसता खाली नहाणीत लोळत ठेवला तर सायफन होतं: मशीन पाणी भरतं, ते मागच्या मागे निघून जातं आणि मशीन भरतच राहतं. "मशीन बिघडलंय" म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे फार वेळा निघतं. सॉकेट १६ अँपिअरचं, मशीनच्या मागे किंवा नळाखाली नको. बाजूला, चार फुटांवर. चार चौरस एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (वीज जास्त ओढली गेली की पडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की ती तोडणारा स्विच) आणि खरोखरचं अर्थिंग. पाणी तापवणारं मशीन दोन हजार वॅटच्या आसपास ओढतं.

नवं मशीन थरथरत चालत पुढे येत असेल तर आधी मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत का ते बघा. मग लेव्हल लावून चारही पाय टेकवा. चाकाचं स्टँड मी घालू देत नाही. तुम्ही सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहत असाल आणि टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर असेल, तर दाब ०.३ बारच्या आसपासच मिळतो आणि बरीच मशीनं तिथे अडखळतात. छोटा प्रेशर पंप लागतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा डीस्केलिंग, म्हणजे आतले क्षार काढणं. मशीनवर फळी हवी असेल तर ती कडप्पा किंवा ग्रॅनाइटची. प्लायच हवा असेल तर बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारा, आयएस ७१० छापाचा. साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) प्लाय तिथे दोन पावसाळ्यांत कडेने फुगतो. टॉप लोड असेल तर झाकण उघडल्यावर ते जवळजवळ १४० सेंमीपर्यंत जातं, फळी त्याच्या वर.

आणि कपडे वाळणार कुठे, हे कोणीच विचारत नाही. सात किलो सुती कपडे मिनिटाला १२०० फेऱ्यांवर पिळले तरी त्यांत साडेतीन लिटरच्या आसपास पाणी उरतं. ते पाणी हवेत जाणार. जुलैत बाहेरचीच हवा ओली, काचा बंद, मग चादरींना कुबट वास येणारच. छताला पुलीच्या सहा दांड्या लावायच्या, स्टीलच्या, दोन दांड्यांत किमान सहा इंच. समोरासमोर दोन बाजूंनी हवा खेळेल इतकी फट ठेवायची आणि पावसाळ्यात भिंतीवरचा पंखा. काचा लावल्या की हे सगळं जातं.

एक गोष्ट मात्र मी कोणाशीही वाटाघाटीने करत नाही. ड्राय बाल्कनीत गॅस गिझर असेल तर ती जागा बंद करायची नाही. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाला आधी फक्त डोकं जड वाटतं. खिडकी थोडी उघडी ठेवू, असं मला सांगू नका. डिसेंबरात तुम्ही ती लावणार.

मग ऑफिस कुठे? बहुतेक घरांत बेडरूममधल्या कपाटाशेजारची चार फूट भिंत पुरते. टेबल खिडकीला काटकोनात, म्हणजे उजेड बाजूने येतो. खिडकी पाठीशी असली तर स्क्रीनवर चमकते, समोर असली तर डोळ्यांत. टेबलाची खोली ६० सेंमी, वेगळा मॉनिटर असेल तर ७०. सॉकेटं टेबलाच्या वर बोटभर नाही, चांगली चार-पाच इंच, नाहीतर चार्जरचे ठोकळे बसत नाहीत. निदान दोन सॉकेटं इन्व्हर्टरवर. राउटर हॉलमध्ये आणि मध्ये बाथरूमच्या दोन भिंती असतील तर वायफायशी भांडू नका, कॅट सिक्सची (इंटरनेटची) वायर ओढून घ्या, विजेच्या वायरपासून वेगळ्या पाइपातून.

उंचीचं मात्र सुताराला दोनदा सांगावं लागतं. तो सवयीने ३० इंच करतो. पाच फूट उंचीच्या बाईला ते टेबल उंच पडतं: कोपर टेकवायला खांदे वर येतात, खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळतात. संध्याकाळी मान दुखते आणि दोष खुर्चीला जातो. आधी खुर्चीवर बसा, पाय पूर्ण टेकवा, कोपर काटकोनात धरा आणि कोपराखालपासून जमिनीपर्यंत टेप लावा. कीबोर्ड त्या उंचीला. बरेचदा ते २५-२६ इंच निघतं. टेबल घरातल्या दोघांचं असेल तर कीबोर्डसाठी खाली सरकणारा ट्रे करा आणि उंच माणसासाठी वरची फळी राहू द्या.

एवढं सांगूनही परवा एका मुलीचा फोन आला. वन बीएचके, आईवडील हॉलमध्ये, लहान मूल बेडरूममध्ये, आणि हिचे कॉल रात्री अकरापर्यंत. दार लागणारी तिसरी जागा घरात एकच, ती म्हणजे ड्राय बाल्कनी. तिला मी पॅसेजमधल्या मशीनची गोष्ट सांगितली. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मग मी बोलू कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बेडरूममध्ये बसा असं तिला सांगणं म्हणजे तिचा प्रश्न न ऐकणं झालं असतं.

तिला शेवटी हे सांगितलं. मशीन हलवू नका. गिझर इलेक्ट्रिक आहे ना, याची स्वतः खात्री करा. काच पक्की नको, सरकती हवी, आणि त्याआधी सोसायटीची लेखी परवानगी. मशीनच्या समोरच्या टोकाला भिंतीला घडीचं टेबल, ४५ सेंमी खोल, फक्त लॅपटॉपपुरतं, बीडब्ल्यूपी प्लायचं. तिथे वेगळा मॉनिटर येणार नाही. घडीची खुर्ची, चाकाची नको. मशीन सकाळी लावायचं, तुमचे कॉल संध्याकाळी. डेक टाकायचं नाही, नहाणीची जाळी कायम डोळ्यांसमोर. आठ दिवस गावाला जाणार असाल तर निघताना नहाणीत तांब्याभर पाणी ओता आणि वरून दोन चमचे गोडं तेल, म्हणजे ते पाणी लवकर उडत नाही.