हात वर केला की थांबायचं

सकाळचा राउंड सुरू व्हायच्या आधीच वॉर्डातून फोन आला. "मॅडम, अकरा नंबरची मुलगी. तोंड फार आलंय. कालपासून थुंकीसुद्धा गिळत नाहीये. येताना लेझर घेऊनच या."

मी मुलांची दंतवैद्य आहे. कॅन्सरच्या वॉर्डात दातांच्या डॉक्टरचं काय काम, असं पुष्कळजण विचारतात. किमो चालू असलेल्या मुलाचं तोंड ज्यांनी एकदा जवळून पाहिलंय, ते विचारत नाहीत. आपल्याला एरवी तोंड येतं तेव्हा एखादा फोड येतो, चार दिवस झोंबतो आणि जातो. किमोमध्ये तोंड येतं तेव्हा गालाच्या आतलं अस्तरच्या अस्तर सुटून येतं. हे अस्तर एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं, म्हणजे तिथल्या पेशी सतत वाढत असतात. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणं हेच किमोचं काम. कॅन्सरची पेशी कोणती आणि गालाची कोणती, हे औषधाला कळत नाही. लहान मुलांमध्ये तर पेशींची ही उलाढाल मोठ्यांपेक्षा जास्त.

मुलगी सहा वर्षांची. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. मेथोट्रेक्झेट या किमोच्या औषधाचा मोठा डोस होऊन आठवा दिवस. औषध रक्तातून उतरायला या वेळी नेहमीपेक्षा उशीर लागला होता. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली, अंगात ताप, अँटिबायोटिक चालू, मॉर्फिनचा पंप चालू. किमोने असं तोंड येण्याला म्युकोसायटिस म्हणतात. केसपेपरवर त्याची ग्रेड लिहिली होती ४. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात शून्य ते ४ अशा पायऱ्या आहेत. तिसरीवर मूल निदान पातळ काही पिऊ शकतं. चौथीवर तोंडाने काहीच जात नाही.

ती पलंगावर ताठ बसलेली होती. आडवं झालं की लाळ घशात जाते आणि गिळावी लागते, म्हणून रात्रभर बसूनच होती, असं आई म्हणाली. हनुवटीखाली वाडगा. खालच्या ओठावर रक्त सुकून काळं झालेलं, आणि दोन्ही ओठ कडेला एकमेकांना चिकटलेले. आई ओल्या गॉजने ओठ पुसत नव्हती, नुसता टेकवून उचलत होती. पुसलं तर साल निघतं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. मुलीचं बोलणं बंद. आईच्या मनगटावर बोटाने एकदा टिचकी मारली तर हो, दोनदा मारली तर नाही, अशी त्यांची भाषा ठरलेली.

मी विचारलं, "बाळा, तोंड बघू?"

दोन टिचक्या.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिची बोच अजून आहे. लेझरचा हा लाल प्रकाश तोंड फुटल्यावर द्यायची गोष्ट नाही. म्हणजे तेव्हाही देतात, वेदना उतरायला मदत होते. पण त्याचा खरा उपयोग आधी, किमोच्या पहिल्या दिवसापासून देण्यात आहे. आमच्याकडे त्या वेळी मशीन दुसऱ्या विभागाच्या ताब्यात असायचं, कागदावर सही होऊन यायचं, आणि मला बोलावणं यायचं ते मूल गिळायचं थांबल्यावर. या मुलीला पहिल्या दिवशी कोणी पाठवलं नाही. मीही वॉर्डात जाऊन यादी मागितली नाही. मागायला हवी होती.

मशीन म्हणजे पुस्तकाएवढी पेटी आणि तिला वायरने जोडलेला पेनाएवढा प्रोब. टोकातून ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश येतो. ताकद १०० मिलिवॉट. एका जागी १० सेकंद धरला की १ ज्यूल ऊर्जा जाते, आणि पेटी बीप करते. मग पुढची जागा. तो कापत नाही, भाजत नाही, गरमसुद्धा लागत नाही. पण हे सगळं मला माहीत होतं. तिला दिसत होती ती पांढऱ्या कोटातली आणखी एक बाई, आणि तिच्या हातात आणखी एक टोकदार वस्तू.

वडील कोपऱ्यात उभे होते. हळूच म्हणाले, "मॅडम, ही लाईट म्हणजे कॅन्सरला देतात तीच का? ती नाही द्यायची, असं मोठे डॉक्टर म्हणाले होते."

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बाप विचारतो. रेडिएशनला लोक लाईट म्हणतात, आणि मीही लाईटच घेऊन आलेली असते. मी त्यांना सांगितलं की तो किरण वेगळा. तो पेशीच्या आतल्या डीएनएला तोडतो. हा साधा डोळ्यांना दिसणारा लाल रंग, त्यात ती ताकदच नाही. पेशीच्या आत मायटोकाँड्रिया म्हणून ऊर्जा तयार करणारी घरं असतात. तिथलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम हा प्रकाश शोषून घेतं, पेशीला ऊर्जा मिळते, सूज आणि दाह उतरतो, जखम भरायला जोर येतो.

"मग कॅन्सरच्या पेशीलाही जोर येईल की."

साधा माणूस, पण नेमकं बोट ठेवलं. हीच शंका या उपचाराच्या जन्माला कारण झाली आहे. १९६० मध्ये पहिला लेझर तयार झाला. त्यानंतर काही वर्षांनी बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे लेझर सोडला. त्यांना बघायचं होतं की लेझरने कॅन्सर होतो का. कॅन्सर झाला नाही. उलट ज्यांच्यावर प्रकाश पडला त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. हे १९६७ सालचं. मी वडिलांना हेही सांगितलं की गाठ असलेल्या जागेवर आम्ही प्रोब धरत नाही, आणि आजवर ज्या रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलंय त्यांच्यात या प्रकाशाने आजार वाढल्याचं दिसलेलं नाही. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही, पण ते कोपऱ्यातून निघून पलंगाजवळ आले.

लेझर चालू असताना खोलीतल्या सगळ्यांना चष्मे लावावे लागतात. मुलांच्या मापाचा चष्मा सापडेना. केस गेलेलं ते एवढंसं डोकं, मोठा चष्मा नाकावरून घसरून थेट ओठांकडे यायचा. सिस्टरने बँडेजची पट्टी दोन्ही दांड्यांना बांधून मागे गाठ मारली. मी प्रोबवर नवं प्लास्टिकचं आवरण चढवलं आणि आधी माझ्या तळहातावर लाल ठिपका पाडला. मग आईच्या. मग तिच्यासमोर नुसता हात पसरून थांबले. बऱ्याच वेळाने तिने आपला तळहात पुढे केला. ठिपका पडला, १० सेकंदांनी बीप वाजलं, तिने हात उलटा करून पाठीमागून काही आलंय का ते पाहिलं.

मग मी करार सांगितला. "तू हात वर केलास की मी थांबणार. मधेच केलास तरी थांबणार. का केलास ते विचारणार नाही."

ओठांपासून सुरुवात केली. बाहेरून, स्पर्श न करता. प्रोब खालच्या ओठाजवळ नेला, ठिपका पडला, आणि तिचा हात वर. मी प्रोब बाजूला घेऊन बटणावरचं बोट काढलं. तिने हात खाली घेतला. मी पुन्हा नेला. पुन्हा हात वर. पुन्हा थांबले. आई कासावीस झाली, म्हणाली, "अगं, करू दे ना त्यांना." मी आईला खुणेनेच थांबवलं. तिसऱ्यांदा तर प्रोब जवळ जायच्या आधीच हात वर झाला. मी तो मांडीवर ठेवून दिला.

तेव्हा मला कळलं की तिला दुखत नव्हतं. दुखण्यासारखं काही घडलंच नव्हतं. ती मला तपासत होती. महिनाभर तिच्या अंगात सुया गेल्या होत्या, कमरेतून पाणी काढलं होतं, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणालं असणार, "आता झालंच." या वॉर्डात आल्यापासून तिच्या एका खुणेवर एखादं काम थांबलंय, असं बहुधा पहिल्यांदाच होत होतं.

चौथ्यांदा हात वर झाला नाही. एक बीप. दुसरी. तिसऱ्या बीपला तिने वाडग्यावरची बोटं एकेक करून मिटायला सुरुवात केली, मोजायला. ओठ झाले. मी म्हटलं, "आजच्यासाठी एवढं पुरे, हवं तर." आणि तिने तोंड उघडलं. उघडलं म्हणजे करंगळी जाईल इतकंच. चिकटलेली एक कड सुटली, रक्ताचा थेंब आला, तिचे डोळे भरले, पण तोंड मिटलं नाही.

आत दोन्ही गालांवर पांढरट-पिवळा पापुद्रा, जिभेच्या कडांवर तसाच. हिरड्या आणि टाळूचा पुढचा कडक भाग मात्र बराचसा शाबूत. हे असंच असतं, घास चावताना घासला जाणारा तो भाग मुळातच टणक असतो. मी उजव्या गालाच्या आत ठिपका धरला आणि बाहेरून तिचा गाल लाल उजळला, आत दिवा ठेवल्यासारखा. आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं. मुलीने आईकडे पाहिलं, काय झालं म्हणून. सिस्टरने मोबाइलचा कॅमेरा उलटा करून तिच्यासमोर धरला. ती स्वतःचा उजळलेला गाल बघत राहिली. महिन्यात पहिल्यांदाच कोणी तिला आरसा दाखवला होता.

त्या दिवशी पूर्ण तोंड झालं नाही. जीभ अर्धी राहिली, जिभेखाली जाता आलं नाही. राहिलेल्या जागांचा डोस दुसरीकडे वाढवून देता येत नाही. या प्रकाशाचं असं आहे की मात्रा कमी पडली तर काही होत नाही, आणि जास्त झाली तर उलटा परिणाम होतो.

चमत्कार झाला नाही. संध्याकाळी मी पुन्हा गेले तेव्हा ती तशीच बसलेली, वाडगा तसाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी आईने सांगितलं की रात्री मॉर्फिनच्या पंपाचं बटण कमी वेळा दाबलं, आणि पहाटे ती आडवी होऊन झोपली. पाचव्या दिवशी चमचाभर पाणी आत गेलं. त्याच दिवशी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशीही वर यायला लागल्या होत्या. काउंट वाढले की तोंड आपोआप भरतं, म्हणून यात प्रकाशाचा वाटा किती आणि पेशींचा किती, हे एका मुलीवरून मी सांगू शकत नाही. मोठ्या अभ्यासांमध्ये फरक दिसला आहे. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्टेम सेल प्रत्यारोपण होणाऱ्या मोठ्या माणसांत तोंड येऊ नये म्हणून हा उपचार सुचवला आहे. माझा भरवसा त्यावर आहे, एका चमचाभर पाण्यावर नाही. पण तो चमचा माझ्या समोर गेला, आणि गिळल्यावर तिने मनगटावर टिचकी न मारता "अजून" म्हटलं.

किमोच्या पुढच्या सायकलची, म्हणजे फेरीची तारीख मी स्वतः वॉर्डात जाऊन लिहून घेतली. सिस्टरने तिचं नाव फळ्यावर "लाईट" असं लिहून त्यापुढे टाकलं. मेथोट्रेक्झेट सुरू झालं त्याच सकाळी मी पोचले. तोंड अजून स्वच्छ, गुलाबी. न दुखणाऱ्या तोंडात पहिल्यांदा प्रोब नेणं हे किती सोपं असतं! पोर गप्पा मारता मारता तोंड उघडतं. चष्मा कसा बांधायचा, बीप कुठवर मोजायच्या, सगळं तिने शेजारच्या पलंगावरच्या मुलाला शिकवलं, आणि त्यालाही त्याच दिवशी माझ्या यादीत घेतलं. त्या सायकलमध्ये तिचे गाल लाल झाले, जिभेच्या कडेला एक व्रण आला. मऊ जेवण चालू राहिलं, मॉर्फिन लागलं नाही. या वेळी ल्युकोव्होरिन, म्हणजे मेथोट्रेक्झेटपासून चांगल्या पेशी वाचवणारं औषधही जास्त दिवस दिलं होतं, तेही लक्षात ठेवायला हवं.

व्रण आला त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे ओठांपासून सुरुवात केली. आता ती मोठ्याने मोजते, तोंड उघडं असल्यामुळे आकडे नुसते "आ, आ" असे येतात. सातव्या बीपला तिचा हात वर झाला. मी प्रोब काढून मांडीवर ठेवला. तिने आवंढा गिळला, सावकाश, डोळे मिटून. मग हात खाली घेतला आणि तोंड पुन्हा उघडलं.