जहाजाआधीचं बुडापेस्ट

बुडापेस्टहून पासाऊपर्यंत डॅन्यूब नदीतून जाणारी क्रूझ घ्यायची असं घरात ठरलं, तेव्हा सगळी चर्चा जहाजाचीच होती. केबिन कुठल्या मजल्यावर, खिडकी केवढी, शाकाहारी जेवणाचं काय. जहाजात बसण्याआधी बुडापेस्टमध्ये किती रात्री राहायचं, हे ‘नंतर बघू’मध्ये पडलं होतं. मी ते सगळ्यांत आधी घ्यायला लावलं. आईवडिलांना घेऊन अशी सहल आखणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, कारण व्हिसा कुणाकडे मागायचा हेसुद्धा त्या रात्रींवरच ठरतं.

शेंगेन म्हणजे आपापसांत सीमातपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट, एकच व्हिसा सगळीकडे चालतो. त्या व्हिसाचा नियम असा की ज्या देशात जास्तीत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे भरले तर ज्या देशातून शेंगेन भागात शिरणार, त्याच्याकडे. आमच्या जहाजाच्या कार्यक्रमात हंगेरीतल्या बुडापेस्टचे दोन दिवस, स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाचा एक, मग ऑस्ट्रियात व्हिएन्नाचे दोन, वाखाऊ खोऱ्याचा एक, लिंझचा एक आणि शेवटी जर्मनीतलं पासाऊ होतं. नुसतं जहाज धरलं तर ऑस्ट्रियाचे चार दिवस आणि हंगेरीचे दोन, म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडे. त्याआधी बुडापेस्टच्या तीन रात्री जोडल्या की हंगेरीचे पाच होतात आणि अर्ज हंगेरीकडे जातो. दोन रात्री जोडल्या असत्या तर चार-चार अशी बरोबरी, आणि मग पहिल्या प्रवेशाचा हिशेब. तीन रात्रींनी तो प्रश्नच मिटला. अर्ज भरून झाल्यावर ‘एखादी रात्र वाढवू या का?’ असं कुणी म्हणालं, तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. म्हणून रात्री आधी पक्क्या करा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. तितका उशीर कुणी करू नये. प्रौढांसाठी फी ९० युरो आहे. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि त्याच्या तारखा विमान उतरतं त्या दिवसापासून धरायच्या. क्रूझबरोबर येणारा विमा काही वेळा जहाजाच्या तारखांपुरताच असतो, तो नीट वाचून घ्या. हॉटेलच्या आरक्षणावर आई, बाबा आणि मी, तिघांचीही नावं पासपोर्टप्रमाणे घालून घेतली. क्रूझ कंपनीकडून कोणत्या तारखेला कोणतं गाव, असं सविस्तर पत्र मागून घेतलं. या मार्गावरचे चारही देश शेंगेनमधले असल्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. तुमचं जहाज बुडापेस्टहून खाली सर्बियाकडे जाणार असेल तर मात्र एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागेल, कारण सर्बिया शेंगेनमध्ये नाही.

आता तीनच रात्री का? आम्ही मुंबईहून दोहामार्गे गेलो. जोडविमान म्हटलं की ते चुकण्याची शक्यता आली आणि सामान मागे राहण्याचीही. हॉटेल कुठे जात नाही, एक दिवस उशिरा पोचलात तरी खोली तिथेच असते. जहाज ठरल्या वेळी सुटतं, आणि मग ब्रातिस्लाव्हा किंवा व्हिएन्नाला स्वतःच्या खर्चाने जाऊन ते गाठायचं. सत्तरीच्या आईवडिलांना असा पाठलाग करायला लावणं मला मान्य नव्हतं. एक रात्र विमानाच्या भरवशासाठी, एक थकवा घालवण्यासाठी आणि एक खऱ्या अर्थाने शहरासाठी, असा माझा हिशेब होता.

महिना बाबांनी ठरवला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर नद्यांच्या पातळ्या वाचलेल्या. त्यांनी हंगेरीच्या जलविभागाच्या संकेतस्थळावरचे बुडापेस्टचे आकडे रोज बघायला सुरुवात केली. २०१३च्या जूनमध्ये तिथे डॅन्यूबची पातळी ८९१ सेंटिमीटरला गेली होती, बर्फ अडून आलेले जुने पूर सोडले तर तो आजवरचा उच्चांक. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये ती ३३ सेंटिमीटरपर्यंत उतरली, तो नीचांक. ३३ सेंटिमीटर ऐकून आई घाबरली, तेव्हा बाबांनी तिला समजावलं की मोजपट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, त्याच्या खालीही पाणी असतं. नाशिकला दुतोंड्या मारुतीच्या कितव्या भागापर्यंत पाणी आलं यावरून पुराचा अंदाज घेतात, तसाच हा आकडा फक्त त्या ठिकाणची खूण आहे. पण खूण महत्त्वाची. पाणी फार वाढलं की जहाजं पुलांखालून जाऊ शकत नाहीत. फार उतरलं की उथळ पट्ट्यांत अडकतात, विशेषतः वर जर्मनीत श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या टप्प्यात. अशा वेळी कंपन्या प्रवाशांना बसने पुढे नेतात किंवा जहाजच बदलतात. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात पाणी कमी असण्याची भीती जास्त, म्हणून बाबांनी मेचा शेवटचा आठवडा निवडला. खात्री मे महिन्यातही नसतेच. पण बुडापेस्टचे दिवस हातात असले की जहाजाचं काही बदललं तरी एक शहर तरी नीट पाहून होतं, हा त्यांचा मुद्दा मला पटला.

हॉटेल कुठे घ्यायचं यावर बराच वेळ गेला, आणि तो जाऊ द्यावा. बहुतेक जण बुडा टेकडीवरचा किल्ला किंवा संसदभवन दिसणारी खिडकी शोधतात. मी नकाशात आधी धक्के पाहिले. नदीच्या पश्चिमेला बुडा आणि पूर्वेला पेस्ट, असे शहराचे दोन भाग. नदीतली जहाजं बहुतेक पेस्टच्या बाजूला लागतात, बेलग्राद राकपार्ट या काठावर आणि त्याच्या आसपास. नेमका धक्का प्रवासाच्या तोंडावर कळतो आणि पाण्यामुळे तो बदलूही शकतो. म्हणून एका धक्क्याला चिकटून हॉटेल घेण्यापेक्षा दोन नंबरच्या ट्रामच्या मार्गाजवळ घेतलं. ही ट्राम पेस्टच्या काठाकाठाने धावते. फोवाम तेरचा बाजार, विगादो तेर, साखळी पूल आणि संसदभवन ही सगळी ठिकाणं तिच्याच रस्त्यावर. ‘तेर’ म्हणजे चौक, हा शब्द पाठ करून ठेवा, दिवसभर लागतो.

काठाचा रस्ता वर असतो आणि जहाजाचा धक्का खाली. मध्ये दगडी पायऱ्या, आणि बऱ्याच ठिकाणी खालच्या अंगाला वाहनांचा दुसरा रस्ता. शिवाय जहाजं एकमेकांना खेटून उभी करतात, तेव्हा आपल्या जहाजात जायला शेजारच्या जहाजातून जावं लागतं. आईच्या गुडघ्यांचा विचार करता हे आधी कळणं फार गरजेचं होतं. क्रूझ कंपनीला मी लेखी विचारलं की टॅक्सी खालच्या धक्क्यापर्यंत येऊ शकेल का आणि सामान कोण उतरवेल. उत्तर आलं, आणि धक्क्याचं नाव कळल्यावर आम्ही आदल्या संध्याकाळी जाऊन ती जागा पाहूनही आलो.

हॉटेल आणि विमानतळापासूनची गाडी, दोन्ही क्रूझ कंपनीही देते. दर बराच चढा होता आणि हॉटेल त्यांच्या मर्जीचं, म्हणून आम्ही स्वतः केलं. ज्यांच्याबरोबर तरुण माणूस नाही त्यांनी मात्र कंपनीचंच घ्यावं असं माझं मत आहे, सामानासकट जहाजापर्यंत सोडतात हे मोठं सुख आहे. आपण काही दिवस आधी पोचलो तर क्रूझमधली विमानतळावरची फुकट गाडी आमच्यासारखी तुम्हालाही लागू नसेल, हे विचारून घ्या. विमानतळाहून १००ई ही बस थेट देआक फेरेन्स तेरला आणते, पण तिचं तिकीट वेगळं असतं, शहरातला नेहमीचा पास चालत नाही. आम्ही टॅक्सी घेतली. बुडापेस्टमधल्या अधिकृत टॅक्सी पिवळ्या आणि त्यांचे दर ठरलेले.

मग शहरात काय बघायचं? इथे मी एक नियम केला आणि तो फार उपयोगी पडला: जे जहाजाची सहल दाखवणार आहे त्याला हात लावायचा नाही. जहाजाच्या दुसऱ्या दिवशी बसने बुडा टेकडी, माथियास चर्च, फिशरमन्स बॅस्टियन आणि वीरांचा चौक दाखवणार होते, गाइडसकट. बसमधून जे होत नाही, म्हणजे इमारतींच्या आत जाणं आणि निवांत बसणं, ते आपल्या दिवसांत.

वारांचाही विचार करावा लागतो. फोवाम तेरचा मोठा मध्यवर्ती बाजार रविवारी बंद, बरीच संग्रहालयं सोमवारी बंद, दोहान रस्त्यावरचं सिनेगॉग शनिवारी बंद. २० ऑगस्ट हा संत इश्तवानचा राष्ट्रीय सण. तेव्हा डॅन्यूबवर आतषबाजी असते, काठचे रस्ते अडवतात आणि हॉटेलं महागतात. त्या सुमाराला जहाज असेल तर हे आधी पाहा.

पहिला दिवस आम्ही काहीच ठेवला नव्हता. उन्हाळ्यात बुडापेस्ट आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. मेअखेरीस तिथे सूर्यच साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संसदभवनाचे दिवे बघायचे तर रात्रीचे नऊ वाजून जातात. तेव्हा आपल्या शरीराचे साडेबारा झालेले असतात. पहिल्या रात्री आईबाबांना तेवढ्यासाठी जागवणं म्हणजे जुलूम. तिसऱ्या रात्री ते आपणहून निघाले आणि ट्रामच्या खिडकीतून अख्खा झगमगता काठ पाहिला.

संसदभवनाची तिकिटं मी घरूनच ऑनलाइन घेतली. हव्या त्या वेळेची तिकिटं लवकर संपतात, आणि युरोपीय संघाबाहेरच्यांना दर जास्त असतो. सुरुवातीलाच भरपूर पायऱ्या आहेत, ज्यांना चढवत नाही त्यांनी लिफ्टबद्दल आधी विचारावं. इम्रे श्टाइंडलने आखलेली ही वास्तू १९०४मध्ये पूर्ण झाली. घुमटाची उंची ९६ मीटर, आणि संत इश्तवानच्या बॅसिलिकाचीही तेवढीच. मॅग्यार, म्हणजे हंगेरियन लोक इथे आले ते ८९६ साल, त्याची आठवण. घुमटाखाली हंगेरीचा मुकुट ठेवलेला आहे, वरचा क्रूस वाकलेला. तिथे फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे, सगळे खरोखर मुकुटाकडे बघतात.

तिथून काठाने दक्षिणेला चालत गेलं की लोखंडी बुटांच्या जोड्यांचं स्मारक लागतं. १९४४-४५मध्ये ॲरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना नदीच्या काठावर उभं करून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या. साठ जोड्या आहेत, त्यांत लहान मुलांचेही. बाबा तिथे बराच वेळ थांबले. ज्या नदीतून आपण आनंदाने जाणार आहोत तिचं हेही माहीत असायला हवं, आणि गटाबरोबरच्या सहलीत इथे दहा मिनिटांपेक्षा जास्त मिळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळी मेट्रो, एक नंबर. १८९६ची, युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे. स्थानकं रस्त्याच्या अगदी खालीच, त्यामुळे जिने थोडे. तिने थेट सेचेनी स्नानगृहाच्या दाराशी उतरता येतं. ते १९१३चं. मोठ्या पिवळ्या वाड्यातलं ते उघड्यावरचं गरम पाणी आईला इतकं आवडलं की गुडघ्यांचं नावही तिने दिवसभर काढलं नाही. टॉवेल, चप्पल आणि स्विमसूट घरूनच न्या. पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची असते.

जेवणाबद्दल आई धास्तावली होती. गुलाश म्हणजे मांसाचा रस्सा, तो प्रश्न नव्हताच. पण ‘फोझेलेक’ म्हणून दाट भाजी मिळते, वाटाण्याची, पालकाची, भोपळ्याची. वर मांस किंवा अंडं घालतात, ते नको म्हणून सांगायचं. कडक शाकाहारी असाल तर डुकराची चरबी वापरली आहे का हेही विचारा, ‘झीर’ हा शब्द लक्षात ठेवा. बाजाराच्या वरच्या मजल्यावर लांगोश खाल्ला, तळलेल्या पिठाची मोठी पोळी, वर आंबट साय आणि चीज. एक तिघांत पुरला.

हंगेरीत युरो नाही, फोरिंट चालतो. कार्ड जवळपास सगळीकडे घेतात. यंत्राने ‘रुपयांत की फोरिंटमध्ये?’ असं विचारलं तर फोरिंटच निवडा, रुपयांचा दर फार वाईट लावतात. रोख पैसे बँकेच्या एटीएममधून काढा, पर्यटकांच्या रस्त्यांवरच्या खाजगी यंत्रांतून नको.

जहाजावर केबिन दुपारी तीननंतर मिळणार होती, हॉटेल अकराला सोडायचं होतं. जहाजावर सामान दुपारी बारापासून ठेवून घेतात हे आधीच विचारून ठेवलेलं, म्हणून टॅक्सीने आधी धक्क्यावर गेलो, बॅगा दिल्या आणि तीन तास मोकळ्या हातांनी बाजारात घालवले. आईने पाप्रिकाची पुडी घेतली आणि उरलेले फोरिंट त्यातच संपवले. पुढे ब्रातिस्लाव्हापासून सगळीकडे युरोच लागतात.