बसण्याची परवानगी

घरात खुर्ची रिकामी दिसली की आपण बसतो, आणि नसली तर भिंतीला टेकून उभे राहतो. त्यात कोणाच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. तो येतो साहेबाच्या खोलीत. पाठीवर टॉवेल टाकलेल्या उंच खुर्चीसमोर दोन खुर्च्या चक्क रिकाम्या असतात, पण 'बसा' हा शब्द कानी पडेपर्यंत माझ्यासारखा माणूस फाइल छातीशी धरून, त्या खुर्च्या जणू दिसतच नाहीत अशा आविर्भावात उभा राहतो. साहेबाचा अधिकार दारावरच्या पाटीपेक्षा त्या काही क्षणांत अधिक कळतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला हे पक्के ठाऊक होते.

1682 मध्ये त्याने आपला दरबार व्हर्सायला कायमचा हलवला. तिथल्या आरसेमहालात 357 आरसे आहेत, आणि 1686 मध्ये सयामचे वकील आले तेव्हा त्याच महालाच्या टोकाला राजा चांदीच्या सिंहासनावर बसला होता. हा थाट परक्यांचे डोळे दिपवण्यासाठी होता. घरच्या अमीरउमरावांना वर्षानुवर्षे मुठीत ठेवायचे काम मात्र त्याहून फार स्वस्त वस्तूने केले, आणि ती वस्तू म्हणजे 'ताबुरे' नावाचे बिनपाठीचे, बिनहातांचे, गादी लावलेले एक स्टूल.

रिवाज जुना होता, पण लुईच्या दरबारात तो फार काटेकोरपणे पाळला गेला. हातांची खुर्ची राजाराणीची. तिच्याखाली नुसत्या पाठीची खुर्ची, मग ताबुरे आणि सर्वांत शेवटी स्वतःचे पाय. राजा किंवा राणी समोर असताना ताबुरेवर बसण्याचा मान डचेस स्त्रियांना असे, आणि बाकीच्या खानदानी बायका जडशीळ पोशाखात तासन् तास उभ्या राहत. बसणारीची पायरी समोर कोण आहे यावरही ठरे: राजासमोर स्टुलावर बसणारी डचेस कमी दर्जाच्या राजकुलीन व्यक्तीसमोर पाठीच्या खुर्चीवर बसू शके. मला या व्यवस्थेतील क्रौर्यापेक्षा तिच्यातील काटकसर अधिक थक्क करते. जहागीर द्यायची तर जमीन लागते आणि पेन्शन द्यायची तर खजिना. इथे मात्र एकीला बसू दिले की उरलेल्या सगळ्यांचे उभे राहणे आपोआप बोचू लागे.

ही बोच किरकोळ नव्हती. लुई अकरा वर्षांचा असताना, 1649 मध्ये, त्याच्या आईने म्हणजे कारभार पाहणाऱ्या ॲनने दोन-तीन घराण्यांना ताबुरेचा मान देऊ केला, तेव्हा पॅरिसमध्ये सरदारांनी सभा भरवून इतका गहजब केला की तिला तो परत घ्यावा लागला. देशात बंडाळी माजलेली असताना ही मंडळी स्टुलासाठी एकवटली होती! (बसण्याच्या या शास्त्रात एक विचित्र आसनही होते. शौचाच्या खुर्चीवर बसलेला राजा तिथूनच निवडक लोकांशी बोलत असे, आणि त्या वेळी हजर राहण्याच्या परवान्यालाही मान होता.)

मोगल दरबारात हा हिशेब आणखी सोपा होता, कारण तिथे बहुतेक सगळेच उभे असत आणि प्रतिष्ठा तख्तापासूनच्या अंतराने मोजली जाई. 1617 मध्ये जहांगिराने शहजादा खुर्रमसाठी तख्ताजवळ खुर्ची मांडायला लावली, तो सन्मान अपूर्व मानला गेला. उलट 1666 च्या मे महिन्यात आग्र्याला शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले, तेव्हा त्या जागेचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी भर दरबारात संताप व्यक्त केला.

लुईचे चांदीचे सिंहासन फार टिकले नाही. युद्धाच्या खर्चासाठी 1689 मध्ये त्याने महालातले सुमारे 20 टन चांदीचे सामान वितळवायला काढले, आणि त्यात सिंहासनही गेले. ताबुरे मात्र शंभर वर्षे पुढेही चालू राहिले.

23 जून 1789 रोजी व्हर्सायमध्येच सोळाव्या लुईने धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जन या तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींना आपापल्या दालनात जाण्याचा हुकूम दिला आणि तो निघून गेला. त्याच्या पाठोपाठ सरदार गेले, बहुतेक धर्मगुरूही गेले. तिसऱ्या वर्गाचे लोक बाकांवरून हलले नाहीत. त्यांना राजाज्ञेची आठवण करून द्यायला आला तो द्र्यू-ब्रेझे, दरबारी समारंभांचा मुख्य अधिकारी, म्हणजे कोणी कुठे बसावे हे पाहणे ज्याचे कामच होते असा माणूस. त्यांनी त्याचेही ऐकले नाही, आणि तो परत गेला.