ज्याचा सापळा त्याचा नाच

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममध्ये ड्रेनाय नावाची एक जमात आहे. निळी कातडी, पायांना खूर, मागे जाडजूड शेपूट, आणि पुरुष असेल तर हनुवटीवरून लोंबणाऱ्या सोंडा. ध्यान असं की अंधारात समोर येऊ नये. पण चॅटमध्ये स्लॅश मारून 'डान्स' टाइप केलं की हाच गडी दलेर मेहंदींच्या 'तुनक तुनक तुन'च्या स्टेप्स करायला लागतो! गाणं वाजत नाही. ते आपल्याच डोक्यात सुरू होतं. गाणं १९९८चं, ड्रेनाय गेममध्ये आले २००७ साली. मूळ व्हिडिओत चार-चार दलेर मेहंदी एकत्र नाचतात. इथे दहा खेळाडूंनी एकदम कमांड दिली तर दहा.

माझा भाचा ऐरोलीत आमच्याच सोसायटीत राहतो. "मावशी, हे तुझ्या काळातलं ना?" म्हणून त्याने मला हे दाखवलं. 'तुझ्या काळातलं' हे सोडून बाकी सगळं मला आवडलं.

२००४मध्ये हा गेम आला तेव्हापासून त्यात जमातीगणिक नाच वेगळा, आणि एकाच जमातीत बाईचा वेगळा, पुरुषाचा वेगळा. माणसातला पुरुष एक बोट आभाळाकडे रोखून जुना डिस्को करतो, बाई माकारेना करते. हिरवा धिप्पाड ऑर्क एमसी हॅमर या अमेरिकन रॅपरसारखा पाय फेकतो. नाइट एल्फ पुरुषाकडे मायकल जॅक्सन आलाय. लोक लढाया सोडून शहरातल्या टपालपेटीवर चढतात आणि नाचत उभे राहतात. दमणं नाही, घाम नाही. एक पाऊल पुढे टाकलं की नाच बंद.

यात मला गंमत वाटते ती सापळ्याची. गेममधल्या प्रत्येक शरीराच्या आत ॲनिमेटरने हाडं बसवलेली असतात आणि नाच म्हणजे त्या हाडांच्या हालचालींची नोंद. बुटक्या ग्नोमची नोंद उचलून बैलासारख्या टॉरेनला लावली तर हात खांद्यात घुसेल, नाहीतर खूर जमिनीवरून घसरत राहतील. शरीर बदललं की नाच पुन्हा बसवायचा. कष्टाचं काम, पण त्यातूनच टॉरेनच्या ठुमक्याला टॉरेनचं वजन येतं.

एक तक्रार मात्र आहे. हसवणारे नाच बरेचसे पुरुषांच्या वाट्याला आलेत आणि बऱ्याच बायकांच्या वाट्याला कंबर हलवणं. शिंगंबिंगं असलेल्या बाईलासुद्धा थोडा वेडेपणा करू द्या की.

भाचा स्वतः 'फोर्टनाइट' या दुसऱ्या ऑनलाइन गेमवाला. तिथे उलटा कारभार. नाच, म्हणजे त्यांच्या भाषेत इमोट, दुकानातून विकत घ्यायचा आणि मग तुमचं पात्र कुठलंही असो, नाच तोच. सैनिक आणि पीली नावाचं चालतंबोलतं केळं, दोघांचीही स्टेप हुबेहूब एक. "पैसे दिलेत तर सगळ्यांवर चाललं पाहिजे ना," असं भाच्याचं म्हणणं. हिशेब बरोबर आहे. पण केळ्याने केळ्यासारखं नाचावं, एवढी माझी माफक अपेक्षा.

हल्ली लग्नातल्या संगीताचंही फोर्टनाइट झालंय. कोरिओग्राफर येतो आणि नवरीच्या काकापासून शाळकरी पुतणीपर्यंत सगळ्यांना एकच स्टेप शिकवतो. काका मनातल्या मनात आकडे मोजत असतात, ते ओठांवर दिसतं. त्यामानाने आमच्याकडची आगरी-कोळ्यांची हळद म्हणजे अस्सल वॉरक्राफ्ट. मागे गोठिवलीत एका हळदीला गेले होते. बेंजो सुरू झाला आणि मांडवात ज्याचं शरीर तसा नाच निघाला. पोरं गुडघ्यात वाकून जवळजवळ जमिनीला टेकलेली. एक पोटवाले गृहस्थ पाय जागचे न हलवता नुसत्या खांद्यांवर किल्ला लढवत होते. आणि एक आजी, लुगडं खोचून, दोन्ही हातांनी वल्हं मारत पुढे सरकत होती. कोळीनाचातलं ते वल्हवणं स्टेजवर कितीदा पाहिलंय, पण तिथे मुली हवा वल्हवतात. आजीच्या मनगटाला पाणी लागत होतं. ओढताना जोर, परत नेताना हात सैल.

भाच्याला म्हटलं, हिला टाका गेममध्ये. त्याने गंभीरपणे विचार केला. सापळा जमेल म्हणाला, अडचण लूपची. गेममधला नाच ठरावीक सेकंदांनी पहिल्या पोझला येऊन चिकटतो, सांधा दिसता कामा नये. आणि आजी तर चौथ्या वल्ह्याला थांबून कुणाला तरी "आरं, ताटं मांडली का?" म्हणून ओरडायची, पदर सावरायची आणि भलत्याच दिशेने पुन्हा सुरू व्हायची.