हीटर लहानच बरा : कॅल्गरीच्या हिवाळ्यात सापांची खोली

गेल्या आठवड्यात एका मुलाचा फोन आला. मूळचा साताऱ्याकडचा, तिकडे सर्पमित्रांबरोबर बराच हिंडलेला. इथे कॅनडात, कॅल्गरीत आल्यावर त्याने एक बॉल पायथन (अजगराच्या कुळातला लहान, बिनविषारी साप) घेतला आहे. त्याने विचारलं, "ताई, बाहेर उणे पंचवीस झालं की काय करायचं? मोठा हीटर आणून अख्खी खोलीच तापवू का?" फोनवर सुचेल तेवढं सांगितलं, पण हा विषय पाच मिनिटांत उरकण्यासारखा नाही. म्हणून इथे नीट लिहिते.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट. धामण, दिवड, अजगर, नाग असे आपल्याकडचे साप घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जातींनाही तिथे सरकारकडे नोंदणी लागते. माझं सगळं लिहिणं इथल्या, पिंजऱ्यातच जन्मलेल्या सापांबद्दल आहे.

बेसमेंटमधल्या दहा बाय अकराच्या खोलीत माझे तीन बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक राहतात. बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा. उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत दडून राहणारा. त्याच्या डब्याचं एक टोक ३१-३२ अंश आणि दुसरं २५-२६ अंश हवं. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, जरा काटक. त्याला गरम टोक २८-२९ आणि गार टोक २२-२३ असलं तरी भागतं. साप अंगात स्वतःची ऊब तयार करत नाही, जागा बदलून ती मिळवतो. (आपल्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून स्नायू थरथरवते आणि अंडी उबवते. हा अपवाद मला विलक्षण वाटतो.) तेव्हा डब्यात एक गरम टोक आणि एक गार टोक असणं हीच त्याची गरज. अख्खी खोली ३२ अंशांवर नेली तर त्याला जायला गार जागाच राहत नाही.

म्हणून मी खोली २४-२५ वर ठेवते आणि वरचे सहा-सात अंश प्रत्येक डब्याखालच्या हीट मॅटवर (विजेवर तापणाऱ्या पातळ चटईवर) सोडते. अख्खं घर तापवणारी मुख्य फर्नेस खालच्या मजल्याला जेमतेम १९ अंशांपर्यंत आणते, त्यामुळे मधली भर घालायला हीटर लागतो. तेवढी ऊब नसेल तर खाल्लेला उंदीर पचत नाही, पोटात कुजायला लागतो आणि साप तो ओकून टाकतो. थंडी लांबली की श्वासाचा त्रास सुरू होतो: तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, घरघर, नाकपुडीशी बुडबुडे. असं काही दिसलं की थेट सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

आता मुख्य मुद्दा. मोठा हीटर नको, मुळीच नको.

दुकानात मिळणारे बहुतेक ऑइल हीटर १५०० वॉटचे असतात. इथल्या १२० व्होल्टवर ते साडेबारा अँपियर ओढतात. खोलीतलं सर्किट १५ अँपियरचं असतं, आणि तासन्‌तास चालणारा भार त्याच्या ८० टक्क्यांच्या, म्हणजे १२ अँपियरच्या आत ठेवायचा असतो. म्हणजे हीटर एकटा असला तरी मर्यादा ओलांडली. त्यात त्याच सर्किटवर दिवे, हीट मॅट आणि सापांच्या खाण्याचे उंदीर ठेवायचा छोटा फ्रीझर! ब्रेकर पडला तर नशीब म्हणायचं. तो न पडता भिंतीतलं सैल कनेक्शन रात्रभर तापत राहिलं, तर ते खरं संकट. मी त्याच हीटरचं ९०० वॉटचं बटण वापरते. साडेसात अँपियर होतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून वीज चालू-बंद करणारं उपकरण, बिघडतो तेव्हा पुष्कळदा चालू अवस्थेतच अडकतो. आतल्या रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) संपर्क चिकटून बसतात. अशा वेळी १५०० वॉटचा हीटर लहानशा बंद खोलीचं तापमान ४० च्या दिशेने नेतो. थंडी सापाला हळूहळू आजारी पाडते, पण अति उष्णता काही तासांत मारते. त्यामुळे कुठलंही उपकरण आणण्याआधी मी एकच विचारते: हे अडकलं तर खोली कुठवर जाईल? हीटर मुळातच बेताचा असेल तर तो रात्रभर सुरू राहिला तरी आवाक्यात राहतो.

माझ्याकडे एकापुढे एक असे दोन थर्मोस्टॅट आहेत. भिंतीच्या सॉकेटमध्ये पहिला, तो २९ अंशांवर सगळं तोडतो. त्यात दुसरा, तो खोली २५ वर ठेवतो. दुसऱ्यात हीटर. दोन्ही १५ अँपियरचे, दोन्हींवर प्रमाणनाचा शिक्का. एक अडकला तरी दुसरा आहे. मोबाइलवर चालणारा स्मार्ट प्लग मी हीटरला लावत नाही. वायफायवरचा तापमापक मात्र आहे, पण तो फक्त खबर देतो.

कॅल्गरीत हे इतकं का लागतं, ते इथला शिनूक अनुभवलेल्यांना कळेल. रॉकी पर्वतांवरून उतरणारा तो कोरडा, उबदार वारा सुटला की काही तासांत बाहेरचा पारा पंधरा-वीस अंशांनी चढतो. सकाळी उणे अठरा, दुपारी छपराचं बर्फ ठिबकतंय. हाताने बटण फिरवून ठेवलेला हीटर अशा दुपारी खोलीची भट्टी करतो, आणि तेव्हा आपण ऑफिसात असतो.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, कुठे ठेवता यावरही पुष्कळ अवलंबून आहे. खोलीचा प्रोब रॅकच्या मधल्या फळीच्या उंचीवर, हीटर आणि दार दोन्हींपासून लांब. गरम हवा वर जाते. माझ्या खोलीत जमिनीलगत २३ असतं तेव्हा वरच्या फळीवर २७ भरतं. म्हणून पायथन वर आणि कॉर्न स्नेक खाली. एक छोटा पंखा मंद फिरत ठेवला की हा फरक कमी होतो. हीट मॅटचा प्रोब मात्र डब्याच्या बाहेर, मॅट आणि तळ यांच्या मध्ये टेपने घट्ट चिकटवलेला. आत ठेवला की साप तो सरकवतो किंवा पाणी सांडून भिजवतो. प्रोबला गार लागतं, थर्मोस्टॅट मॅट आणखी तापवत राहतो, आणि तळ भाजण्याइतका गरम होतो. पोटाखालची चटका देणारी उष्णता साप वेळेवर टाळत नाही, तिथेच पडून राहतो. हीट रॉक नावाचे तापणारे दगड त्यामुळेच मला मान्य नाहीत.

हीटर कायम थेट भिंतीच्या सॉकेटवरून, एक्स्टेन्शन बोर्डवरून कधीच नाही. चारी बाजूंना मीटरभर मोकळी जागा: पडदा नाही, डब्यात पसरायच्या भुशाची पोती नाहीत, वर्तमानपत्रांचा गठ्ठा नाही. आडवा झाला तर आपोआप बंद होणाराच घ्या. तासभर चालल्यावर प्लगला हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल, पिन काळपट दिसत असेल किंवा प्लग सॉकेटात डुलत असेल तर बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्मोक अलार्म त्याच खोलीत हवा. जिन्यातल्या अलार्मपर्यंत धूर पोहोचायला वेळ लागतो. हिवाळ्याआधी मी हीटरच्या पात्यांमधली धूळ काढते, कारण भुशाची बारीक पूड तिथे हमखास बसते.

कोरड्या हवेचं थोडक्यात. बाहेरची गोठलेली हवा आत येऊन तापली की तिच्यात ओलावा उरत नाही. बॉल पायथनला साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, नाहीतर कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहतो. खोलीत ह्युमिडिफायर लावून खिडक्यांवर बुरशी आणण्यापेक्षा प्रत्येक डब्यात ओल्या शेवाळाची, आत शिरायला भोक असलेली एक झाकणाची डबी ठेवा. कात टाकायच्या आधी साप आपणहून तिच्यात जाऊन बसतो.

आणि वीजच गेली तर? १३ जानेवारी २०२४च्या संध्याकाळी आमच्या अल्बर्टा प्रांतभर सगळ्यांचे मोबाइल एकदम कर्कश वाजले. कडाक्याच्या थंडीने विजेची मागणी इतकी वाढली होती की आळीपाळीने वीज तोडावी लागेल, गरजेपुरतीच वापरा, असा इशारा होता. लोकांनी ऐकलं, काही मिनिटांत सुमारे २०० मेगावॉट मागणी उतरली आणि वीज तोडायची वेळ आली नाही. मी खोलीचा हीटर बंद केला आणि पंधरा-वीस वॉटच्या मॅट तेवढ्या चालू ठेवल्या. दाराखालची फट बंद होती, खिडकीला जाड पडदा होता. खोली हळूहळू दीड-दोन अंशच उतरली.

खरोखर अंधार झाला तर गॅसची फर्नेसही थांबते, तिचा पंखा विजेवरच चालतो. त्यासाठी कपाटात थर्माकोलचं मोठं खोकं, उशांचे अभ्रे आणि गरम पाण्याच्या पिशव्या ठेवलेल्या आहेत. साप अभ्र्यात घालून गाठ मारायची, पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच कडेला ठेवायची, हवेला भोकं ठेवायची. एखादी रात्र २० अंशांत निरोगी मोठा साप काढतो. फक्त पोटात ताजा उंदीर नको, म्हणून कडक थंडीचा इशारा आला की मी खाणं पुढे ढकलते. कॅम्पिंगचा स्टोव्ह, बार्बेक्यू किंवा निखारे घरात आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो सापाआधी तुम्हालाही मारू शकतो.

त्या मुलाला मी एक काम दिलं आहे, तुम्हीही करा. साप डब्यात नसताना खोलीचं दार लावा, थर्मोस्टॅट वगळून हीटर ठरवलेल्या बटणावर सलग चालू ठेवा आणि सर्वांत जास्त तापमान नोंदवणारा तापमापक वरच्या फळीवर ठेवा. हे दिवसा, आपण घरात जागे असताना करायचं, आणि शक्यतो सप्टेंबरातल्या एखाद्या बऱ्या दिवशी. आकडा ३२ च्या पुढे गेला तर हीटर त्या खोलीला मोठा आहे. खालचं बटण वापरा, नाहीतर तो परत करून लहान आणा.