पॅनमधलं पाचवं अक्षर

अठ्ठेचाळीस हजारांचं बिल लावलं होतं, खात्यात आले अडतीस हजार चारशे. जानेवारी २०२४ची गोष्ट. मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतात तो आयकर) कापला जातो हे ठाऊक होतं, म्हणजे ४,८०० जायला हवे होते. गेले ९,६००. प्रकाशनाच्या अकाउंट्समध्ये फोन लावला, तर तिथली मुलगी म्हणाली, "ताई, तुमचं पॅन इनऑपरेटिव्ह दाखवतंय. मग आम्हाला वीस टक्केच कापावे लागतात."

कार्ड माझ्या पर्समध्ये धडधाकट होतं. इनऑपरेटिव्ह का, तेही मला माहीत होतं, फक्त दोनएक वर्षं मी त्याकडे काणाडोळा केला होता. पॅन आधारशी जोडायचं राहिलं होतं. ३१ मार्च २०२२ पर्यंत ते फुकट होतं, नंतर जूनअखेरपर्यंत ५०० रुपये, त्यानंतर १,०००. आणि ज्यांनी ३० जून २०२३ पर्यंतही जोडलं नाही त्यांचं पॅन १ जुलैपासून निष्क्रिय. फुकटच्या काळात मी एकदा प्रयत्न केला होता. 'नाव जुळत नाही' असा लाल अक्षरात शेरा आला आणि मी खिडकी बंद केली ती केलीच.

नाव जुळणार तरी कसं? पॅन काढलं २००९मध्ये, एका पतसंस्थेत पहिली नोकरी लागली तेव्हा, कराडच्या स्टँडसमोरच्या एका एजंटकडून. त्यावर माझं नाव, मधे वडिलांचं नाव आणि माहेरचं साळुंखे हे आडनाव. २०११मध्ये लग्न झालं. पुढच्या वर्षी आधार काढलं ते सासरच्या नावानं: मधे यांचं नाव, शेवटी जाधव. आपल्याकडे बाईचं लग्न झालं की नावाच्या तीन शब्दांतले दोन बदलतात, काही घरांत तिसराही. आमच्या सासूबाईंचे तिन्ही बदललेत. आणि कॉम्प्युटरला वाटतं, ही दोन माणसं.

दोन्हीतलं बदलायचं कुठलं? आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि बँक, मतदार यादी, घराचा उतारा, मुलांच्या शाळेचे दाखले सगळं जाधव झालेलं. तेव्हा पॅनवरचंच नाव बदलायचं ठरलं. इथे एक सल्ला मिळाला तो सांगते, कारण हाच सल्ला आमच्या भागात किती बायकांना दिला गेला असेल देव जाणे. ऑनलाइन कामं करून देणारा एक जण म्हणाला, "वहिनी, कशाला त्या दुरुस्तीच्या नादाला लागता? जुनं राहू द्या, नव्या नावानं नवीनच काढू. दहा मिनिटांचं काम." मी जवळजवळ हो म्हणाले होते. यांच्या ओळखीच्या सीएंना सहज विचारलं तर ते खुर्चीत सरळ होऊन बसले. एका माणसाला एकच पॅन. दोन सापडली तर दहा हजार रुपये दंड. शिवाय जुन्या पॅनवर कापलेला टीडीएस जुन्याच पॅनवर अडकून राहणार, तो वेगळाच.

त्यांच्याच ऑफिसात मला पॅनचा नंबर वाचायला मिळाला. पंधरा वर्षं तो मी फॉर्मवर उतरवत होते, वाचला कधी नव्हता. दहा चिन्हं: आधी पाच इंग्रजी अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर तुम्ही कोण ते सांगतं. माणूस असेल तर पी, कंपनी असेल तर सी, ट्रस्ट असेल तर टी, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एच. आणि पाचवं अक्षर आडनावाचं. माझं पाचवं एस. सीएंकडची मुलगी म्हणाली, "कार्डावर आता जाधव छापून येईल, पण नंबर तोच राहणार. एस काही जायचा नाही." बाकी सगळीकडून माझं माहेर पुसलं गेलं, आयकर खात्याच्या नंबरात मात्र ते पक्कं बसलंय, हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं.

नाव बदलल्याचा पुरावा लागतो. लग्न झालेल्या बायकांसाठीच्या यादीत चार गोष्टी होत्या: विवाह नोंदणीचा दाखला किंवा लग्नाची पत्रिका, राजपत्रातली नावबदलाची नोंद, पतीचं नाव असलेला पासपोर्ट, नाहीतर राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र. पत्रिका चालते हे वाचून मी कपाट उपसलं. पत्रिका सापडली. त्यावर चि. सौ. कां. म्हणून मी माहेरच्या नावानं, आणि नवरदेव त्यांच्या घरातल्या हाकेच्या नावानं! कागदोपत्री असा माणूसच अस्तित्वात नाही. माझं नवं नाव तर पत्रिकेत असायचा प्रश्नच नव्हता. बाकी मामा-काकांची, आत्यांची, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांची नावं मात्र शुद्धलेखनासह अचूक.

आणि लग्नाची नोंदणी आम्ही केलेलीच नव्हती. बारा वर्षं कुणी विचारलं नाही, आम्ही केली नाही. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकच विवाह निबंधक असतात. अर्ज, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार, आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. भटजी दोन वर्षांपूर्वी वारलेले. ग्रामसेवकभाऊ चांगले होते, त्यांनी त्याऐवजी प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं. साक्षीला थोरले दीर, माझा मामेभाऊ आणि शेजारचे काका. तिघांची सवड एका दिवशी जुळवण्यात जेवढे दिवस गेले तेवढे अख्ख्या पॅनच्या कामात गेले नाहीत. शेवटी सही झाल्यावर काका म्हणाले, "आता झालं बघ तुमचं लग्न."

दुरुस्तीचा फॉर्म कराडच्याच पॅन सेंटरवर भरला. फी १०७ रुपये. दोन गोष्टींवर तो हमखास अडतो. एक म्हणजे जे बदलायचंय त्याच्या डाव्या बाजूच्या छोट्या चौकोनात खूण करावी लागते. नुसतं नवं नाव लिहून चालत नाही, खूण नसेल तर बदल धरतच नाहीत. दुसरं, वडिलांच्या नावाचा रकाना. लग्न झालेल्या बाईनंही तिथे वडिलांचंच नाव लिहायचं असतं. सेंटरवरच्या मुलानं माझ्या आधारवरून भराभर फॉर्म भरताना त्या रकान्यात यांचं नाव लिहून टाकलं. मधलं नाव म्हणजे बापाचं, असं त्याचं गणित. रोज दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते म्हणून सही करायच्या आधी डोळा पडला, नाहीतर नवरा बाप म्हणून छापून आला असता. तो ओशाळून म्हणाला, "मॅडम, अशी किती तरी कार्डं आली असतील." माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला.

पंधरा आकडी पोचपावती मिळाली आणि मार्चमध्ये कार्ड पोस्टानं घरी आलं. जाधव. वडिलांचं नाव साळुंख्यांचं. नंबर तोच.

मग एक हजाराचं चलन. आयकराच्या पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये जाऊन 'अदर रिसीट्स', कोड ५००. भरल्या भरल्या लगेच जोडायला गेले तर पैसे दिसेनात. चार-पाच दिवस थांबायचं असतं. थांबले, परत गेले, आधारचा ओटीपी टाकला, आणि या वेळी लाल शेरा आला नाही. निष्क्रिय पॅन परत चालू व्हायला तीस दिवसांपर्यंत लागू शकतात. माझं मेमध्ये झालं.

याच दिवसांत माझा भाचा सुटीला आला होता. त्याला नुकतंच अठरावं संपलेलं. माझा चहा उकळून कपात ओतेपर्यंत त्यानं मोबाइलवर त्याच पोर्टलवरून आधारच्या ओटीपीवर ई-पॅन काढलं. फुकट. मला तीन महिने, एक प्रतिज्ञापत्र आणि तीन साक्षीदार लागले होते. पण पठ्ठ्यानं पुढच्याच मिनिटाला ती पीडीएफ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, 'आता मीपण टॅक्सपेयर' म्हणून! त्या फाइलचा पासवर्ड असतो जन्मतारीख. आणि त्या ग्रुपवर दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला बासष्ट जण शुभेच्छा देतात. मी ती काढायला लावली. तेव्हा तो हसला, मीही जरा जास्तच केलं असं मला वाटलं.

जुलैमध्ये माझं स्वतःचं रिटर्न भरायला बसले तोवर तेच वाटत होतं. जादा कापलेले पैसे परत मिळवायचे तर रिटर्न भरायलाच हवं. सीए म्हणाले, आधी एआयएस बघा. आयकर खात्याकडे आपल्या पॅनवर वर्षभरात कुठकुठून काय नोंदलं गेलं त्याचा हा उतारा: बँकेचं व्याज, टीडीएस, शेअर, मालमत्ता. माझ्या बँकेचं व्याज होतं, प्रकाशनाचं बिल होतं, आणि खाली एक ओळ होती: मिळालेलं भाडं, १,९२,०००.

माझ्या नावावर भाड्यानं द्यायला खुराडंसुद्धा नाही. नोंद पुण्यातल्या एका कंपनीकडून आलेली, जिचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं. सीएंना मात्र नवल वाटलं नाही. नोकरदाराला घरभाड्यावर करसवलत घ्यायची असते, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचं पॅन द्यावं लागतं. घरमालक देत नाही, किंवा घरच भाड्याचं नसतं. मग कुठून तरी मिळालेलं कुणाचं तरी पॅन तिथे खुपसलं जातं. त्या कुणाच्या तरी नावावर महिन्याला सोळा हजारांचं उत्पन्न चढतं. या वेळी ती मी होते.

एआयएसमध्ये प्रत्येक ओळीपुढे प्रतिसाद द्यायची सोय असते. माहिती बरोबर आहे, अंशतः चुकीची आहे, दुसऱ्या पॅनची किंवा वर्षाची आहे, किंवा अमान्य आहे. मी 'अमान्य' निवडलं, त्याची पोचपावती आणि त्या दिवसाचा एआयएस छापून फाइलला लावला. कंपनीला ईमेल केली, उत्तर आलं नाही. रिटर्न खरं होतं ते भरलं, भाडं दाखवलं नाही. ऑगस्टमध्ये परतावा जमा झाला.

पण माझं पॅन पुण्याला गेलं कसं, हे मला झोपू देईना. एका रात्री वहीत लिहून काढलं, आजवर झेरॉक्स कुठेकुठे दिली. गणपतीपुळ्याच्या एका लॉजवर, ओळखपत्र म्हणून. दोन सिमकार्डांच्या वेळी. मुलीच्या क्लासला, का ते आता आठवतही नाही. बावीस हजारांची अंगठी घेताना सराफाकडे, जिथे दोन लाखांच्या आत पॅन लागतच नाही. झेरॉक्सच्या दुकानात, जिथे मी स्वतः कार्डाचा फोटो दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता आणि अजूनही तो तिथेच असणार. एकोणीस ठिकाणं निघाली. त्यातलं कोणतं ते मला कधीच कळणार नाही.

मग क्रेडिट रिपोर्टही काढला, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा उतारा. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. माझ्या नावावर कुणी कर्ज काढलेलं नव्हतं. पण त्यात माझी दोन्ही नावं होती, आणि माहेरचा जुना पत्ता, अगदी गल्लीसकट.

आता ओळखपत्र म्हणून कुणी पॅन मागितलं तर मी दुसरं काहीतरी देते. जिथे द्यावंच लागतं तिथे झेरॉक्सवर तिरकं लिहिते: कुणासाठी, कशासाठी, तारीख, सही. अक्षरं छापील मजकुरावरून जातील अशी. बँकेतल्या एका नव्या मुलानं एकदा अशी झेरॉक्स हातात घेतली, कार्ड बघितलं, परत झेरॉक्स बघितली आणि म्हणाला, "मॅडम, आडनाव जाधव आहे, मग पाचवं अक्षर 'जे' पाहिजे ना? हे 'एस' कसं?" मी त्याला पाच मिनिटं लावून सगळं समजावलं. मागची रांग वैतागली होती.

यंदा जूनमध्ये परत एआयएस उघडलं. व्याज, बिलं, टीडीएस दहा टक्के. भाड्याची ओळ नव्हती.